स्कझी हार्ड डिस्क : दोषशोधन

स्कझी म्हणजे एकाच सामायिक केबलवर (बसवर) अनेक उपकरणे जोडण्याची संगणकीय पद्धत. १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे मानक ठरले. त्याच वर्षी आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉश प्लसमुळे ती घराघरांतल्या टेबलांवर पोहोचली.

अशी जोडलेली डिस्क संगणकाला दिसेनाशी झाली की तिलाच निकामी ठरवण्याची घाई होते, ती टाळावी. आधी प्रत्येक उपकरणाचा बसवरचा क्रमांक पाहावा. आठ-बिट बसवर ० ते ७ क्रमांक असतात आणि ७ सहसा कंट्रोलरचा. डिस्कवरच्या तीन जंपरचे मोल १, २ आणि ४. पहिले दोन बसवले की क्रमांक ३ होतो. डिस्कला चुकून कंट्रोलरचाच क्रमांक दिला, तर तीच डिस्क बाकीच्या सगळ्या क्रमांकांवर दिसू लागते. ही खूण ओळखली की बराच त्रास वाचतो.

मग टर्मिनेटर, म्हणजे संकेत टोकाशी शोषून घेणारा रोध, पाहावा. तो बसच्या दोन्ही टोकांना हवा, मध्ये कुठेही नको. टोक मोकळे राहिल्यास संकेत उलटे परततात. लहान फाइल सुरळीत उघडते, मोठी कॉपी करताना मात्र पॅरिटीच्या चुका येतात. केबलची लांबीही मोजावी : मूळ वेगाला ६ मीटर, ‘फास्ट’ला ३.

त्रुटीसंदेशात सेन्स की (चुकीचा प्रकार सांगणारा अंक) ३ आली, तर दोष खुद्द तबकडीवरचा. अशा वेळी दुरुस्तीआधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा.