साथरोग अधिनियम, १८९७
साथरोग अधिनियम, १८९७ : घातक साथीच्या रोगाचा फैलाव रोखण्यासाठी शासनास असाधारण अधिकार देणारा भारतातील कायदा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. साथ पसरू लागल्याने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हा अधिनियम संमत करण्यात आला.

मूळ अधिनियमात चारच कलमे होती. नेहमीचा कायदा अपुरा वाटल्यास शासनास तात्पुरते नियम करता येतात. त्यांनुसार रेल्वेच्या व अन्य प्रवाशांची तपासणी व संशयित रुग्णांचे विलगीकरण करता येते. नियमभंगास भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ ची शिक्षा लागू करण्यात आली. सद्‌भावनेने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यांना न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण मिळाले. मात्र ‘घातक साथरोग’ या संज्ञेची व्याख्या नव्हती आणि अधिकारांची कमाल मुदतही ठरविलेली नव्हती.

या उणिवेची झळ प्रथम पुण्यास बसली. वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती घेतली. देवघरे व माजघरेही त्यातून सुटली नाहीत. लोकक्षोभ वाढला व २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर हल्ला केला. त्यात लेफ्टनंट आयर्स्ट तत्काळ मरण पावला. रँड ३ जुलै रोजी मृत्यू पावला. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही दंगल उसळली. लोकांच्या सहकार्यावाचून साथ आटोक्यात येत नाही, हे ओळखून पुढे शासनाने सक्तीचे धोरण सौम्य केले.

१९५० मध्ये संविधान अंमलात आल्यावर या अधिकारांना नवी चौकट लाभली. सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यसूचीत, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या रोगप्रसाराचा प्रतिबंध हा समवर्ती सूचीत आहे. संचारस्वातंत्र्यावर सर्वसाधारण जनतेच्या हितार्थ वाजवी निर्बंध घालता येतात (अनुच्छेद १९). अनुच्छेद ३५२ खालील आणीबाणीस मात्र युद्ध, परकीय आक्रमण वा सशस्त्र उठाव हीच कारणे आहेत. त्यांत साथीचा समावेश नाही. म्हणजेच साथीच्या काळातही मूलभूत हक्क कायम राहतात.

कोविड–१९ च्या साथीत मार्च २०२० मध्ये राज्यांनी या अधिनियमाखाली नियम केले. देशव्यापी टाळेबंदी मात्र आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली लागू झाली. त्याच वर्षी आरोग्यसेवकांवरील हिंसेस कठोर शिक्षा देणारी दुरुस्ती झाली. साथीमुळे उद्भवलेली आर्थिक मंदी ही कारखाने अधिनियमातील ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये कामगारांचे अतिकालिक वेतन कमी करणाऱ्या गुजरात शासनाच्या अधिसूचना रद्द केल्या. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने, कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येत नाही, तथापि सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणबद्ध निर्बंध घालता येतात, असा निर्णय दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात अधिनियमातील त्रुटी दूर करण्याची अथवा नवा सर्वंकष कायदा करण्याची शिफारस केली.

साथ रोखण्यास त्वरित कृती आवश्यक असते, हे निर्विवाद आहे. तथापि मूळ अधिनियमाने अधिकार दिले, त्यांच्या मर्यादा मात्र संविधानाने व न्यायालयांनी घालून दिल्या. या मर्यादा कायद्याच्या मजकुरातच नमूद होणे अगत्याचे आहे.