सूत मोजलं गेलं, मातीचं काय?

हिंगणघाट म्हटलं की कापूस. 22-23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तेव्हा एकीकडे गांधीजींची खादी आणि दुसरीकडे हा कापसाचा पट्टा. शाळेत शिकवायचा उद्योग म्हणून टकळी पुढे आली यात नवल नाही. त्याच वर्षी झाकीर हुसेन समितीने उद्योगांची यादी दिली: कताई-विणकाम, सुतारकाम, शेती, फळ-भाजीबाग, चामडेकाम. मातीकाम नावानिशी नाहीच! ते शेवटच्या कलमात, ‘स्थानिक परिस्थितीला अनुकूल असा इतर कोणताही उद्योग’ यात गेलं.

का? माझ्या मते उत्तर हिशेबात आहे. उद्योगाला रोज 3 तास 20 मिनिटं, आणि मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा पगार निघावा ही अपेक्षा. सूत मोजता येतं, 640 तारांची एक गुंडी. सहा-सात वर्षांच्या पोराने केलेला मातीचा बैल कोण विकत घेणार?

त्यात आपली काळी माती. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आकसतं. नुसत्या काळ्या मातीचा बैल सावलीत वाळवला तरी भेगाळतो. म्हणूनच कुंभार मातीत वाळू, राख, लीद मिसळतात. म्हणजे मूल बैल करता करता विज्ञानाचाच धडा घेतं, फक्त तो धडा गुंड्यांच्या तक्त्यात बसत नाही.

तरीही सेवाग्रामात माती होती. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले देवीप्रसाद 1944 मध्ये इथे कलाशिक्षक म्हणून आले. ते स्वतः चाकावर बसणारे कुंभार-कलावंत. मुलाचं काम मोठ्यांच्या सफाईच्या मापाने तोलू नये, हा त्यांचा आग्रह. नई तालीमच्या आत राहून, उत्पादन मोजणाऱ्या विचाराला दिलेलं हे उत्तरच होतं, असं मी वाचतो. पुढे 1962 मध्ये ते लंडनला युद्धविरोधी कामासाठी गेले, पण तिथेही भांडी घडवणं सुटलं नाही.

‘नई तालीम म्हणजे सूतकताई’ हे वाक्य तुमच्या प्रस्तावात लिहिण्याआधी एक बघा: ते शाळेत काय चाललं होतं ते सांगतंय, की तक्त्यात काय भरलं गेलं ते? आकडे मागे राहतात. कच्चा बैल पहिल्या पावसात विरघळतो. त्याचा माग काढायचा तर ‘उद्योग’ सोडून ‘कला’, ‘सण’, ‘खेळ’ या मथळ्यांखाली शोधा, जुने फोटो नीट बघा.