व्रण, केस आणि पुन्हा व्रण

मंडळी, या विकांताचा विषय डोक्याचा आहे. अगदी शब्दशः :)

टकलावर केस लावायच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मी वाचत बसलो, त्याला कारण आहे. माझ्या डोक्याच्या मागे, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एक पांढरी रेघ आहे. २००८ मध्ये टाके काढले तेव्हा ती दोऱ्याएवढी होती. सहा महिन्यांत मधोमध जवळपास एक सेंटीमीटर रुंद झाली. पुढचे केस छान आले, पण मशीन मारायची सोय गेली. नवा न्हावी हमखास विचारतो, "साहेब, ॲक्सिडेंट का?"

तर गोष्ट सुरू होते जपानमध्ये. १९३९ साली शोजी ओकुदा या त्वचारोगतज्ज्ञाने गोल पंचने केसांसकट कातडीचे छोटे तुकडे काढले आणि भाजून वगैरे व्रण पडून जिथले केस गेले होते, तिथे बसवले. केस उगवले! पण लेख जपानी भाषेत, वर महायुद्ध. पश्चिमेकडे कुणाला पत्ताच नाही. म्हणजे बघा, केसांच्या रोपणाची ही सुरुवात झाली ती व्रण झाकायला.

मग १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ओरेंट्राइक यांनी हेच पुरुषांच्या टकलावर केलं. मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो, गळत नाही, हे त्यांनी १९५९ मध्ये लिहून मांडलं. सगळा धंदा आजही या एका वाक्यावर उभा आहे. फक्त त्यांचे तुकडे चार मिलिमीटरचे होते, त्यामुळे केस बाहुलीच्या डोक्यासारखे झुपक्या-झुपक्यांनी दिसायचे.

त्यावर उपाय आला नव्वदच्या दशकात. मागून कातडीची एक लांब पट्टी कापायची, जखम शिवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीतले केस दोन-दोन, तीन-तीनच्या नैसर्गिक गटांत सुटे करायचे. अमेरिकेत बॉबी लिमर यांनी ही पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढून बघणाऱ्याला काही कळेना. बग फिक्स झाला, पण मागे नवा तयार झाला!

शिवलेल्या कडा दोन्ही बाजूंनी ओढल्या जातात. आणि व्रणाची कातडी मूळच्या साधारण ८० टक्क्यांच्या वर मजबूत कधीच होत नाही; पहिल्या काही आठवड्यांत तर खूपच कमजोर असते. पट्टी रुंद असेल, टाळू घट्ट असेल, किंवा त्याच जागी दुसऱ्यांदा कापलं असेल तर ताण वाढतो आणि रेघ फाकते. काहींची कातडी सगळं नीट करूनही फाकते. हा केलॉइड नव्हे. तो वर फुगतो, हा सपाट पसरतो. म्हणून फुगलेल्या व्रणावरची स्टेरॉइडची इंजेक्शनं इथे कामाची नाहीत.

२००२ मध्ये एकेक गट सुटा काढायची एफयूई पद्धत शोधनिबंधातून पुढे आली. रेघ गेली, ठिपके आले. "व्रणच राहत नाही" अशी जाहिरात दिसली तर सरळ पुढे जा.

असो. आता माझ्यासारख्यांनी काय करायचं? केस थोडे लांब ठेवणं, हा फुकटातला उपाय. दुसरा, रेघेत बारीक ठिपक्यांचं गोंदण. तिसरा, व्रण कापून पुन्हा शिवणं. पण ताण तोच राहिला तर परत फाकणार. चौथा, व्रणातच केस लावणं. तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे सगळे जगत नाहीत.

मी चौथा निवडलाय. पुन्हा कापून घ्यायची माझी तयारी नाही. डॉक्टर आधी पन्नासेक केस लावून वर्षभर वाट बघणार आहेत. जगले तर पुढचे. म्हणजे १९३९ मध्ये ओकुदांनी जे केलं तेच: व्रणात केस. तुम्ही या वाटेला जाणार असाल तर पुढच्या केसांबद्दल विचारालच. त्याआधी डॉक्टरांना विचारा, "मागे काय राहील?"