अर्ध्या घटिकेवरची आंजी

संकष्टीला चंद्रोदयाचा गावोगावचा तक्ता छापायची आपल्याकडे रीत आहे: मुंबई, रत्नागिरी, वर्धा, नागपूर, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर. वर्धा तालुक्यातल्या आंजी (मोठी)त हाच तक्ता चाळताना मी मुंबई आणि वर्धा या दोन ओळींची वजाबाकी करून पाहिली. चंद्र आकाशात उत्तरेला आहे की दक्षिणेला, यावर चार-एक मिनिटं इकडेतिकडे होतात; पण फरक तेवीस-चोवीस मिनिटांभोवतीच फिरतो. चोवीस मिनिटं म्हणजे बरोबर एक घटिका!

हा नुसता योगायोग म्हणून सोडवेना. दिवसाच्या घटिका साठ, पृथ्वीच्या वेढ्याचे अंश 360. म्हणजे एका घटिकेला सहा अंश. आपल्या ज्योतिषाची मध्यरेषा लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र अशी मानलेली. मुंबई उज्जैनच्या पश्चिमेला जवळजवळ तीन अंश, आंजी पूर्वेला पावणेतीन. म्हणजे उज्जैनपासून एक अर्धी घटिका मागे, तर दुसरी जवळपास तेवढीच पुढे.

या वजाबाकीचं जुनं नाव देशांतर. ते काढायची सूर्यसिद्धान्तातली युक्ती मला फार आवडते. चंद्रग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं. मध्यरेषेसाठी काढलेल्या वेळेपेक्षा तुमच्या गावच्या वेळेनं ते उशिरा दिसलं, तर तुम्ही पूर्वेला. लवकर दिसलं, तर पश्चिमेला. तारायंत्र नाही, रेल्वे नाही, तरी दोन लांबच्या गावांच्या वेळा जुळवून पाहता येत होत्या.

तरीही तक्ता रेल्वेनं दिला, असं म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. 1867 साली वर्ध्यावरून नागपूरपर्यंत गाडी आली. पुढे रेल्वेची घड्याळं मद्रास टाइमवर चालू लागली. तो आंजीच्या सूर्यापेक्षा सातेक मिनिटं पुढे. 1 जानेवारी 1906 पासून 82.5 अंशांचा स्टँडर्ड टाइम आला आणि हे अंतर सोळा मिनिटांवर गेलं. मुंबईनं तर आपला 39 मिनिटं मागचा मुंबई टाइम स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालवला.

त्याआधी तक्त्याची गरजच नव्हती, हेही खरं. गावचा जोशी घटिका मोजायचा तो आपल्याच गावच्या सूर्योदयापासून. लग्नघरी घंगाळात तांब्याचं घटिकापात्र सोडायचं, बुडाच्या बारीक भोकातून पाणी भरून ते बुडालं की एक घटिका झाली. असं मोजलं की मुंबईचा चंद्र आणि आंजीचा चंद्र सूर्यास्तानंतर जवळपास सारख्याच घटिकांनी उगवतो. फरक डोळ्यांवर आला तो सगळ्यांच्या मनगटावर एकच वेळ बसली तेव्हा.

म्हणून माझं म्हणणं असं: गरज घड्याळानं निर्माण केली, उत्तर मात्र घरातच तयार होतं. ज्या कोणी पहिल्यांदा हा तक्ता मांडला, त्यानं रेल्वेचं वेळापत्रक उघडलं नसणार. त्यानं पंचांगातला देशांतराचा रकाना घेतला आणि घटिका-पळांची मिनिटं केली. मद्रास टाइमच्या हिशेबातून गावोगावचा चंद्र निघत नाही; तो निघतो देशांतरातून. हा माझा तर्क आहे, पण मी तो सोडणार नाही.

महाराष्ट्राची दोन टोकं घेतली की हे अंतर किती खरं आहे ते दिसतं. गुजरातच्या हद्दीजवळचं तलासरी आणि छत्तीसगडच्या हद्दीजवळचं देवरी यांच्यात साडेसात अंश, म्हणजे अर्ध्या तासाचा सूर्य. जानेवारीत सकाळी सातला देवरीत ऊन पडलेलं असतं, तलासरीत सूर्य उगवायचाच असतो. पण सातची एसटी दोन्हीकडे सातलाच सुटते. शाळेची घंटाही एकाच वेळापत्रकानं होते; देवरीचं पोर उजेडात निघतं, तलासरीचं झुंजूमुंजू असताना. संकष्टीला उलटं: देवरीच्या बाईचं ताट वाढून झालेलं असतं, तेव्हा तलासरीची अजून अंगणात येऊन आभाळ बघत असते.

तक्त्यात या दोन्ही गावांना ओळ नाही. तलासरीला मुंबईचा आकडा चालतो, कारण रेखांश जवळपास तोच. देवरीकरांनी नागपूरच्या आकड्यातून पाच मिनिटं वजा करावीत. आंजीला मात्र वर्ध्याचाच आकडा घ्यायचा. दोन्हींत मिनिटाचाही फेर पडत नाही.