पंडिता रमाबाई : दोन दुष्काळ आणि एक भरवसा

आज आपण एका जुन्या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूने पाहणार आहोत. देव बदलत नाही, तो दिलेला शब्द पाळतो, असं भक्त पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. पण घरात अन्नाचा कण नसतो तेव्हा या श्रद्धेचं काय होतं? १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. तेव्हा त्यांनाही हा प्रश्न टाळता आला नाही. आज मात्र आपण एकोणिसाव्या शतकातलं उदाहरण घेऊ, कारण इथे एकाच व्यक्तीने दोन दुष्काळ जवळून पाहिले आणि दोन्हींबद्दल स्वतः लिहून ठेवलं. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई.

पहिला दुष्काळ १८७४ च्या सुमाराचा, दक्षिणेतला. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. समाजाचा विरोध पत्करून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. लक्ष्मीबाईंनी ते पुढे रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत फिरे, देवळांतून पुराण सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राही. दुष्काळ पडला तशी दक्षिणा आटली. दागिने गेले, तांब्याची भांडी गेली. मजुरीची सवय नव्हती, भीक मागायची लाज वाटे. व्रतं, उपास, जप, दानधर्म, शास्त्रात सांगितलेलं सगळं चालूच होतं. शेवटी काही दिवस पाणी आणि झाडपाला यांवर काढावे लागले.

त्यात अनंतशास्त्री गेले. जाण्याआधी त्यांनी या धाकट्या मुलीला जवळ घेतलं आणि आपण तिला देवाच्या हाती सोपवलं आहे, तिने आयुष्यभर त्याचीच सेवा करावी, असं सांगितलं. काही आठवड्यांत आई गेली. तिरडी उचलायला पुरेशी माणसं मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः खांदा दिला. उंची कमी पडली म्हणून तिरडीचा दांडा डोक्यावर घ्यावा लागला. पुढे थोरली बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी उत्तरेकडे निघाले. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. १८७८ साली ती कलकत्त्याला पोचली.

आता बघा, आपल्याकडच्या चरित्रांत अशा ठिकाणी सहसा काय येतं? संकट आलं, पण श्रद्धा ढळली नाही. रमाबाईंनी तसं लिहिलेलं नाही. त्यांची श्रद्धा ढळली. सांगितलं ते सगळं करूनही देव आला नाही, मग हे खरं कशावरून, असा सरळ प्रश्न त्यांना पडला. कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, सभांत टाळ्या मिळाल्या. पण आतला प्रश्न तसाच राहिला. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरी मनोरमा, वर्षाचीही झालेली नव्हती.

यापुढचा भाग आपल्याला साधारण माहीत असतो, म्हणून तो थोडक्यात घेऊ. पुण्यात आर्य महिला समाज, मग इंग्लंड, १८८३ मध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा, त्यानंतर अमेरिका. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पण बाप्तिस्म्यानेही आपल्याला पुरतं समाधान मिळालं नाही, ते १८९१ च्या सुमारास मिळालं, असं रमाबाई स्वतः सांगतात. त्या काळात त्यांनी जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र वाचलं. म्यूलर ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलांना सांभाळत. कुणाकडे वर्गणी मागायची नाही, फक्त देवाकडे मागायचं, अशी त्यांची रीत. परदेशात जमतं ते हिंदुस्थानात का जमू नये, हा विचार रमाबाईंच्या मनात तिथून आला.

त्याची परीक्षा लगेच झाली. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात फार तीव्र होता. रमाबाई तिकडे गेल्या. आपल्याच घरची उपासमार आठवली म्हणून गेलो, असं त्या लिहितात. मदत छावण्यांमधून आणि गरीबखान्यांमधून निराधार मुलींचा गैरफायदा घेतला जात होता. मुलींना पळवणारी माणसंही आसपास असत. हे सगळं त्यांनी उघडपणे लिहिलं. आणि जवळजवळ तीनशे मुली आणि स्त्रिया त्या घेऊन आल्या.

यातली अडचण समजून घेतली पाहिजे. शारदा सदनला अमेरिकेतल्या मंडळाची मदत होती, पण ती दहा वर्षांच्या बोलीवर. ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. म्हणजे उत्पन्नाची खात्री संपत आली असताना खाणारी तोंडं कितीतरी पटींनी वाढवली. त्यात पुण्यात प्लेग. एवढ्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, सोलापूरच्या रेल्वेमार्गावर, केडगावला त्यांची जमीन होती, तिथे सगळ्यांना हलवलं. सुरुवातीला निवारा म्हणजे तंबू आणि झोपड्या. हीच पुढची ‘मुक्ती’. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

इथे आपल्याला एक गोष्ट लक्षात घ्यायची आहे. ही जमीन दुष्काळात घेतलेली नव्हती. सदनाला स्वतःचं उत्पन्न हवं म्हणून ती आधीच घेतली होती, तिथे फळबाग लावली होती, विहिरी खणल्या होत्या. रमाबाईंचा भरवसा हात जोडून बसणारा नव्हता. शेती, विणकाम, छपाई, अंध मुलींसाठी ब्रेल, असं सगळं तिथे उभं राहिलं. प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीच्या बाबतीत झालेल्या हलगर्जीपणाबद्दल त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. देवावर हवाला ठेवला म्हणून सरकारला जाब विचारायचा नाही, असं त्यांनी मानलं नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे आणि भांडारकर शारदा सदनच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. ‘केसरी’ने कडक टीका केली होती. उपाशी, निराधार मुलीसमोर अन्नाबरोबर धर्मही ठेवला, तर तिची निवड कितपत मोकळी राहते? हा प्रश्न तेव्हाही रास्त होता, आजही आहे. पण त्या मुलींना आणायला त्या वेळी किती जण गेले होते, हेही त्याच्या शेजारी मांडावं लागतं.

आणि भरवसा ठेवला म्हणून मृत्यू टळले, असंही झालं नाही. आणलेल्या मुलींपैकी कित्येक इतक्या खंगलेल्या होत्या की वाचल्या नाहीत. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. ज्या मुलीने आईचं काम पुढे न्यायचं, तिलाच आईच्या आधी निरोप द्यावा लागला. रमाबाई त्या वेळी बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. साध्या बाईला कळेल अशी भाषा हवी, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला होता. त्या खचल्या असतील, पण हातातलं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. मुक्तीतल्याच स्त्रियांनी जुळवलेलं आणि छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आलं.

बायबलमध्ये देवाच्या विश्वासूपणासाठी ‘एमुना’ हा हिब्रू शब्द येतो. त्याच्या मुळाशी अर्थ आहे न हलणं, स्थिर राहणं. ‘आमेन’ही त्याच धातूचा. गंमत अशी, की निर्गमच्या सतराव्या अध्यायात हाच शब्द मोशेच्या हातांबद्दल आला आहे. लढाई चालू असताना त्याचे वर धरलेले हात थकतात, तेव्हा दोन माणसं दोन्ही बाजूंनी ते सावरून धरतात आणि ते संध्याकाळपर्यंत स्थिर राहतात.

रमाबाईंचं आयुष्य समजून घ्यायला हा प्रसंग आपल्याला उपयोगी पडतो. वडिलांनी त्यांना देवाच्या हाती सोपवलं, त्या वेळी तो हात कुठे दिसत नव्हता. तेवीस वर्षांनी मध्य प्रांतात त्या स्वतः कुणासाठी तरी तो हात झाल्या. ‘देवाने मला वाचवलं का?’ या प्रश्नाचं पूर्ण उत्तर त्यांच्या लिखाणात शोधू गेलो तर आई, वडील आणि बहीण आडवे येतात. पण ‘देव विश्वासू आहे, तर आज माझ्या दारात कोण उभं आहे?’ असं त्या विचारू लागल्या, आणि त्याचं उत्तर त्यांना रोज मोजता येत होतं. केडगावची ती संस्था आजही चालू आहे.

इथे थांबू या.