देगलूरचा रेडिओ आणि जुन्या व्हॉल्व्हची भाववाढ

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने युद्धबंदी मान्य केली आणि ती बातमी हैदराबाद रेडिओवरून गेली. तेव्हा देगलूर हैदराबाद संस्थानातल्या नांदेड जिल्ह्यात होतं. गावाला रेल्वे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. नांदेडहून हैदराबादला जाणारी सडक मात्र गावातूनच जाते आणि देगलूर ओलांडून मद्नूरकडे निघालं की आता तेलंगण लागतं. त्यामुळे कापडापासून रेडिओपर्यंत खरेदीचा ओढा मुंबईपेक्षा हैदराबादकडे. ऐकण्याचंही तसंच. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा कानावर पडणाऱ्या या तालुक्याला निजाम सरकारचा 'डेक्कन रेडिओ' परका नव्हता, कारण तो याच चार भाषांत बोले. १ एप्रिल १९५० ला तो आकाशवाणीत विलीन झाला.

ही सगळी भाषणं, गाणी आणि बाजारभाव काचेच्या बोटभर नळीतून येत. तिला सगळे व्हॉल्व्ह म्हणत. आत पोकळी, मधोमध तापणारा कॅथोड, भोवती तारेची जाळी म्हणजे ग्रिड आणि बाहेर प्लेट. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, प्लेटकडे धावतात आणि वाटेतली जाळी त्यांना कमी-जास्त करते. १९०४ मध्ये फ्लेमिंगने दोन इलेक्ट्रोडची नळी केली, दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तिच्यात जाळी घातली, आणि पुढची पन्नास वर्षं आवाज मोठा करायचा तर याशिवाय इलाज नव्हता.

वीज नसलेल्या खेड्यात वेगळे सेट लागत. त्यांत डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ ही चौकडी. तापवायला १.४ व्होल्ट आणि प्लेटला ९० व्होल्ट, म्हणून सोबत विटेएवढी जड ड्राय बॅटरी. ती संपली की शहरातून नवी येईपर्यंत रेडिओ मुका. वीज असलेल्या गावात वेगळीच तऱ्हा. स्वस्त एसी-डीसी सेटमध्ये सगळ्या व्हॉल्व्हच्या तापवणाऱ्या तारा गणपतीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारख्या एकापाठोपाठ एक जोडलेल्या असत. एक जळाला की पाचही विझत, आणि गेलेला कोणता हे शोधायला मेकॅनिक एकेक काढून तपासत बसे. त्यात व्होल्टेज. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की दाब पडे, कॅथोड पुरेसा तापत नसे आणि आवाज क्षीण होई. मध्यरात्री दाब वाढला की तीच तार जास्त तापून आयुष्य गमावी.

मालकाला वर्षाचा परवानाही लागे. तो पोस्टात पैसे भरून घ्यायचा आणि पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. १९८० च्या दशकात ती कटकट संपली. इतकं करून लोक ऐकत काय? बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला त्यांनी कात्री लावली. मग सगळा देश शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन शोधू लागला. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली ती सिलोनकडे वळलेल्या श्रोत्यांसाठी. केसकरांची शास्त्रीय संगीतावरची श्रद्धा खरी होती, पण रेडिओ विकणाऱ्यांचं भलं त्यांच्याइतकं कुणी केलं नसेल.

घराबाहेर व्हॉल्व्हचं काम जास्त दणकट. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाच्या तंबूवर कर्णे, तंबूत टुरिंग टॉकीज, लग्नाच्या मांडवात भाड्याचा लाऊडस्पीकर. या सगळ्यामागे लोखंडी पेटीतला अॅम्प्लिफायर असे. बाहेरच्या बाजूला तापलेले दोन मोठे पॉवर व्हॉल्व्ह, अंधारात नारिंगी दिसणारे. त्यांना कुणी हाय-फाय म्हटलं नाही. आवाज शिवाराच्या टोकापर्यंत गेला पाहिजे, एवढीच अपेक्षा.

सुरुवातीला हा माल परदेशातून येई. इंग्लंडमधलं मलार्ड हे मोठं नाव, मालकी हॉलंडच्या फिलिप्सची. बंगळूरला १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएल, स्थापन झाली आणि १९६१ मध्ये तिथे रेडिओचे व्हॉल्व्ह निघू लागले. सहकार्य फिलिप्सचं, म्हणून नमुनेही त्याच घराण्यातले. पुढच्याच वर्षी बीईएलने जर्मेनियमची अर्धवाहक साधनं बनवायला घेतली. म्हणजे देशी व्हॉल्व्ह बाजारात आला तोच त्याच्या मारेकऱ्याला सोबत घेऊन. खिशात मावणारा, चार सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर शेताच्या बांधावर पोचला आणि लाकडी पेटीतले सेट माळ्यावर गेले. अनेक भंगारात निघाले. तांब्याच्या ट्रान्सफॉर्मरला किंमत आली, काच फुकट गेली.

ती फुकट गेलेली काच आता परदेशी खरेदीदार शोधतात. बीईएलचा ईएल ८४ हा पॉवर व्हॉल्व्ह डब्यासकट मिळाला तर जपान-युरोपातले हौशी लोक त्याला 'न वापरलेला जुना माल' म्हणून पैसे मोजतात, कारण तो फिलिप्सच्या घराण्यातला आहे. जुना मलार्ड, जर्मनीचा टेलिफंकन यांचे भाव तर विचारूच नयेत.

जुना व्हॉल्व्ह खरंच चांगला होता का? कारखान्याच्या अंगाने पाहिलं तर हो. मलार्डच्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात काच आणि तारसुद्धा घरचीच. रेडिओ, टीव्ही, टेलिफोन आणि लष्कर अशी गिऱ्हाइकं असल्यामुळे उत्पादन अफाट, आणि फसलेला माल बाजूला काढून टाकणं परवडे. निकेल किती शुद्ध हवं, बेरियम-स्ट्रॉन्शियमचा लेप कसा भाजायचा, हे शहाणपण कामगारांच्या हातात होतं. कारखाने बंद झाले तेव्हा यंत्रं विकली गेली, हात मात्र निवृत्त झाले.

आज मोजक्याच ठिकाणी व्हॉल्व्ह बनतात. स्लोव्हाकियातल्या चाद्त्सा गावची जेजे, रशियातल्या सारातोव्हचा कारखाना, आणि चीनमधले काही. सारातोव्हची मालकी माइक मॅथ्यूज या अमेरिकन माणसाच्या कंपनीकडे आहे आणि जुन्या मलार्डचं नावही व्हॉल्व्हसाठी त्यांच्याकडेच. म्हणजे आजच्या डब्यावर मलार्ड छापलेलं असतं आणि आतली नळी व्होल्गाकाठची. यात फसवणूक नाही, पण नावापोटी ज्यादा पैसे देणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची आणि हाय-फायवाल्यांची झोप उडाली. माल पुन्हा सुरू झाला, पण महाग होऊन.

नव्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. अॅम्प्लिफायरमधले पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे ईएल ३४ किंवा ईएल ८४, भरपूर तापतात आणि काही हजार तासांत थकतात. तिथे जुना दुर्मिळ माल जाळणं म्हणजे निव्वळ चैन; जुळवलेली नवी जोडी लावावी. सुरुवातीच्या टप्प्यातला ईसीसी ८३ मात्र थंड डोक्याने काम करतो, त्याचं आयुष्य मोठं. खडखड आणि गुणगुण नसलेला चांगला जुना मिळाला तर तिथे फरक ऐकू येण्याची शक्यता जास्त. बाकी, 'जुन्याचा आवाज उबदार' वगैरे बोलण्यात अर्धा वाटा आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा आणि स्पीकरचा असतो. १९५४ च्या मलार्ड ५-१० या आराखड्यात ईएल ८४ ची जोडी जेमतेम १० वॉट देई. तेवढ्यात आवाज भरला तर श्रेय खोक्यातल्या सगळ्यांचं.

घेताना आधी वरच्या टोकाकडे पाहावं. काचेच्या आतल्या बाजूला चांदीसारखा चकचकीत डाग दिसतो, ते बेरियम. उरलेली हवा शोषण्यासाठी ते मुद्दाम उडवलेलं असतं. डाग दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. नंतर काचेवरचं लिखाण. वरची छपाई पुसली जाते आणि नव्याने मारताही येते, म्हणून बनावट माल तिथेच खपतो. फिलिप्स घराण्याच्या नळीवर खालच्या कडेला काचेतच कोरलेली बारीक अक्षरं असतात. ब्लॅकबर्नचा ईएल ३४ असेल तर 'एक्सएफ' आणि पुढच्या ओळीत 'बी'. शेवटी टेस्टर. नव्या ईएल ८४ चा ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे ग्रिडच्या व्होल्टेजमागे प्लेटचा प्रवाह किती बदलतो ते माप, सर्वसाधारण परिस्थितीत ११ मिलीअँपिअर प्रति व्होल्टच्या आसपास यायला हवा. डबा बंद होता एवढ्यावर विश्वास ठेवू नये. साठ वर्षं डब्यात पडलेली नळीसुद्धा सुरुवातीला गॅस दाखवते, कधी थोडी चालवल्यावर सुधारते, कधी नाही.

माळ्यावरचा रेडिओ थेट प्लगला लावणारे मात्र पहिल्याच मिनिटाला चूक करतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडशी जोडलेला मेण लावलेला कागदी कंडेन्सर इतक्या वर्षांत गळका झालेला असतो. त्यातून ग्रिडवर धन व्होल्टेज येतं, प्लेट लाल होते आणि चांगला व्हॉल्व्ह पाच मिनिटांत बाद होतो. काम जाणणारे मेकॅनिक व्हॉल्व्ह बदलण्याआधी काही रुपयांचा तो कंडेन्सर बदलत. अडाण्यांच्या हातात तीन-तीन नवे व्हॉल्व्ह जळत आणि दोष बंगळूरच्या मालाला लागे.