डोळ्यातले दुसरे भिंग

कणकवलीकडच्या वाड्यांतून पूर्वी जाड भिंगांचा चष्मा लावलेली एखादी आजी ओटीवर बसलेली दिसायचीच. मोती काढलेला, पण पेज वाढताना पळी पातेल्याबाहेर जायची, चिऱ्याच्या पायरीवर पाऊल चुकायचे. लोक म्हणत, “आपरेशन बिघाडला.” बिघडलेले काही नसे. डोळ्यातले भिंग गेले, त्याच्या जागी दहा नंबरचा चष्मा आला. त्यातून वस्तू जवळजवळ पावपट मोठ्या दिसतात, कडेचे नीट दिसत नाही. एकाच डोळ्याचा मोती काढला असला तर विचारूच नका. एका गाईच्या दोन गाई!

उपाय सुचला तो युद्धातून. 1940 साली ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पर्स्पेक्स छताचे तुकडे शिरले. ते आत राहूनही डोळा फारसा चिडत नाही, हे हॅरल्ड रिडली यांनी हेरले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 29 नोव्हेंबर 1949 रोजी त्यांनी एका 45 वर्षांच्या बाईंचा मोती काढला. भिंग कायमचे बसवले ते मात्र 8 फेब्रुवारी 1950 रोजी. म्हणजे पहिलेच भिंग दुसऱ्या खेपेचे! त्यात नंबराचा हिशेब चुकला, आणि बाईंना सुमारे उणे 18 चा चष्मा लागला.

आपल्याकडे 1976 साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, शिबिरे भरली, तरी बहुतेकांच्या हाती चष्माच पडे. 1992 साली मदुराईच्या ऑरोलॅबने स्वस्त भिंगे करायला घेतली. 1994 पासून महाराष्ट्रासह सात राज्यांत जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प चालला, तेव्हा कुठे भिंग खेड्यांपर्यंत पोचू लागले.

पण आधीच्या चष्मेवाल्यांचे काय? जुन्या रीतीत भिंग पिशवीसकट काढीत. मग नवे टेकवायचे कशावर? कोणी ते बाहुलीच्या पुढे ठेवले. अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला चिमट्यासारखे धरणारे भिंग आपल्या देशात रुजवले. 2007 साली चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी भिंगाचे दोन पाय डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत खोचून वर चिकटद्रव्य लावले.

आता नजर किती येते? बुबुळ आणि मागचा पडदा शाबूत असेल, तर त्या जाड चष्म्याने जेवढी अक्षरे वाचता येत, साधारण तेवढीच. फरक पडतो तो पळी धरण्यात, पायरी उतरण्यात. पुढे पडदा सुजू शकतो, डोळ्याचा दाब वाढू शकतो. तपासणी चुकवून चालत नाही.

गणपतीला चाकरमानी घरी येतील, तेव्हा अशी चष्मेवाली आजी असेल तर तिला नेत्रवैद्यांकडे न्यावे आणि आधी एवढेच विचारावे: मागचा पडदा कसा आहे?